गाणाऱ्यांसाठी परभाषा: आमच्या क्लासमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कुणाचे आहेत?

बेळगावातल्या शहापूरला माझा गाण्याचा क्लास आहे. बेळगाव शहरातली मुलं असतातच, शिवाय खानापूर, निपाणी, चिकोडीकडूनही शनिवार-रविवारी येतात. बहुतेकांच्या घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी. कुणाला वचनं आणि दासरपदं (कन्नड संतांच्या भक्तिरचना) गायची असतात, कुणाला गझल. कॅम्पातल्या क्वायरमध्ये गाणारी दोन-चार मुलं लॅटिन आणि इटालियनचे कागद घेऊन येतात. विचारतात मात्र सगळे तेच. दर वेळी तोंडानं सांगून दमले, म्हणून लिहून ठेवलं. "परभाषा" हा शब्द मुद्दाम घेतलाय. कन्नड इथं परदेशी नाही, जर्मन आहे. पण घरी मराठी बोलणाऱ्या गळ्याला दोन्ही शिकाव्याच लागतात.

मला फक्त गायचंय, बोलायचं नाही. तरी भाषा शिकायलाच हवी का?

बोलण्याइतकी नको. बाजारात भाजी घेण्याइतकी भाषा आली म्हणून गाणं चांगलं होत नाही. अस्खलित जर्मन बोलणारे आणि जर्मन गाणं रुक्ष गाणारे लोक मी ऐकलेत.

पण गाण्यातला प्रत्येक शब्द कळला पाहिजे. ओळीचा सारांश कळून भागत नाही. "प्रियकराची वाट बघतेय" एवढ्या अर्थावर तुम्ही चार मिनिटं कशी गाणार? वाट कुठला शब्द, बघणं कुठला, "अजून" कुठं बसलाय आणि त्यातल्या कुठल्या अक्षरावर वजन येतं, हे कळलं की आवाज आपोआप तिकडं झुकतो. माझ्याकडचा नियम असा: नव्या भाषेतलं गाणं पहिले दोन आठवडे गायचंच नाही. आधी वाचायचं, मग तालात बोलायचं, मग सुरात. मुलं कुरकुरतात. आयांना वाटतं फी वाया चाललीय.

पोपटपंचीनं गायलेलं चालतच नाही, असं मी म्हणणार नाही. गॅदरिंगला एखादं गाणं चालून जातं. दुसऱ्या गाण्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, एवढंच.

सुरुवात कुठल्या भाषेपासून करू? मुलीला इटालियन शिकायचंय.

आधी कन्नड. हे ऐकून पालकांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला पाठ झालंय. मी हे भाषेच्या राजकारणातून सांगत नाही. त्यासाठी इथं पुष्कळ माणसं मोकळी आहेत. मी कानाच्या हिशेबानं सांगते.

इटालियन गाताना आपल्याला सगळ्यात जास्त छळतात ती जोडव्यंजनं. "नोते" म्हणजे गाण्यातले स्वर आणि "नोत्ते" म्हणजे रात्र. "पेना" म्हणजे दुःख, "पेन्ना" म्हणजे पेन. "कासा" घर, "कास्सा" पेटी. "नोनो" नववा, "नोन्नो" आजोबा. वर्षाला इटालियनमध्ये "आन्नो" म्हणतात, आणि त्यातला एक न गाळला तर काय होतं ते मुलांच्या क्लासमध्ये सांगता येत नाही. मोठ्यांनी डिक्शनरी बघावी.

आता कन्नड बघा. बोलीत गोष्ट म्हणजे "कते", गाढव म्हणजे "कत्ते". अगदी तीच कसरत. आपल्या मराठीत दुप्पट अक्षर आहे, पण बऱ्याचदा ते नुसतं जोर देतं. "आता ये" आणि "आत्ता ये" यांत फरक फक्त आईच्या रागाचा. कन्नड आणि इटालियनमध्ये त्यानं शब्दच बदलतो. ही सवय लावायला मिलानला जायला नको. टिळकवाडीतून मार्केटला जाणाऱ्या बसमध्ये अर्धा तास कान उघडे ठेवून बसलात तरी ओत्तक्षर, म्हणजे हे जोडाक्षर, कसं दाबतात ते कळतं.

कन्नड रोज ऐकतोच की आम्ही. गाताना नेमकं अडतं कुठं?

दोन ठिकाणी. ऐकणं आणि तोंडात बसणं यांत फरक आहे, तो माझ्याच अंगाशी आलाय.

पहिली अडचण शब्दाच्या शेवटची. मराठी माणूस शेवटचा स्वर खातो. "राम" लिहितो आणि "राम्" म्हणतो. कन्नड शब्द स्वरावर संपतो, पुष्कळदा "उ"वर. गाण्याला कन्नडमध्ये "हाडु" म्हणतात. तो शेवटचा उ गिळलात की मराठी कानाला उरतं हाड. दुधाला "हालु" म्हणतात. उ गेला की राहतात हाल. हसू नका, माझ्याकडं नवीन आलेल्या दहातली आठ मुलं पहिल्या दिवशी हेच करतात.

दुसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ. देवनागरीत आपल्याला एकच ए आणि एकच ओ ठाऊक. कन्नडमध्ये दोन-दोन आहेत, लिपीतही वेगळे. ऱ्हस्व ओ घेऊन "कोडु" म्हटलं तर "दे". दीर्घ ओ घेऊन म्हटलं तर "शिंग".

आता माझी गोष्ट. वीस-एक वर्षांपूर्वी गोकाकच्या बाजूच्या एका गावात जत्रेचा कार्यक्रम होता. मी एक दासरपद देवनागरीत लिहून घेतलेलं, चाल पक्की, तंबोरा छान लागलेला. त्यात "देवा, दे" अशा अर्थानं तो शब्द चार वेळा येतो, आणि मला तिथं आलाप करायची हौस. प्रत्येक वेळी मी तो ओ लांबवला. म्हणजे भर जत्रेत, डोळे मिटून, आर्ततेनं, देवाकडं चार वेळा शिंग मागितलं. पुढच्या रांगेत एक अज्जी बसली होती. कार्यक्रम झाल्यावर ती जवळ आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपल्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणाली, "आवाज चलो (म्हणजे छान) हाय बाळा. पण शिंग कशाला गं तुला?"

तेव्हापासून मी कन्नड लिपी शिकले. ४९ अक्षरांची वर्णमाला आहे, देवनागरीच्याच क्रमानं लावलेली. बसच्या पाट्या, दुकानांचे बोर्ड वाचत गेलं तर दोन-तीन आठवड्यांत हात बसतो. आणि दीर्घ स्वर लांबवायचा असेल तर कुठं लांबवायचा, ऱ्हस्वावर आलाप कसा करायचा (करता येतो, आधी शब्द ऱ्हस्व टाकून पूर्ण करायचा आणि मग अ-कारावर जायचं) हे त्या अज्जीसारख्या माणसाला विचारायचं.

हिंदी-उर्दू तर येतेच. त्यात काय शिकायचं?

इथं आपण जास्त फसतो, कारण येते असं वाटतं.

मराठीत च दोन आहेत: "चहा"तला आणि "चमचा"तला. ज पण तसाच: "जीव"मधला आणि "जहाज"मधला. लिहिताना एकच अक्षर, म्हणून आपल्याला ते दोन आहेत हेच आठवत नाही. हिंदीत "चाँदनी"चा च चहाचा आहे. आपण "चांदणं" म्हणतो त्या सवयीनं चमच्याचा लावतो. "जाने"चंही तेच. गझल गाणाऱ्याला तर उलटं सांभाळावं लागतं: "ज़रा", "ज़िंदगी"मध्ये नुक्त्याचा (खाली टिंब दिलेला) ज़ हवा, आणि "जान"मध्ये मुळीच नको. मग है आणि और. आपण "हय" आणि "अउर" म्हणतो. हिंदीत तो एक सरळ उघडा स्वर आहे, मध्ये घसरगुंडी नाही. ठुमरीत "सैंया"वर जागा घेताना हा प्रश्न फार येतो, तिथं बोलणाऱ्याच्या तोंडून ऐकूनच घ्या. "ज्ञान"ला आपण "द्न्यान" म्हणतो, हिंदीवाले "ग्यान".

मराठी गळ्याच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो, अशा अर्थाचं दिलीपकुमार बोलून गेले होते. तरुण लता मंगेशकरांना ते लागलं आणि त्यांनी रीतसर मौलवींकडून उर्दू शिकून घेतली. हे स्वतः लताबाईंनीच सांगितलेलं आहे. त्यांच्यासारख्या गळ्यालाही शिकवणी लागली. बेळगावात उर्दू घरात बोलणारे शेजारी पुष्कळांना आहेत. त्यांना गाऊन दाखवू नका, आधी नुसतं वाचून दाखवा. सुरात चुका झाकल्या जातात.

आपल्या भागातल्या मोठ्या गायकांनी हे कसं केलं?

याच प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं. भीमसेन जोशी १९२२ साली गदग भागातल्या रोणला जन्मलेले; घरची भाषा कन्नड. त्यांचे मराठी अभंग ऐकताना कुणाला शंका तरी येते का? आणि पुन्हा कन्नड दासरपदं त्याच अधिकारानं. कुमार गंधर्व तर आपले शेजारी, १९२४ साली सुळेभावीत जन्मलेले. कन्नड घरातला मुलगा, मुंबईत शिकला, मराठीत संसार केला, आणि पुढे देवासला जाऊन माळवीत शिरला. क्षयरोगानं अंथरुणाला खिळले असताना भोवतालची माळवी लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली आणि पुढे त्यांनी ती गोळा केली, अभ्यासली, गायली. मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल हेही कन्नड घरांतले, आणि बंदिशी ब्रजभाषेच्या. धारवाड-बेळगाव पट्ट्यातल्या गवयाला दोन-तीन भाषांत गाणं ही नवलाची गोष्ट कधी नव्हतीच.

उलट दिशेनंही बघा. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली त्यांनी शाकुंतल रंगभूमीवर आणलं, आणि त्या काळच्या नाट्यपदांत कर्नाटकी चाली किती आहेत ते जुनी पुस्तकं उघडली की पदाच्या डोक्यावरच छापलेलं सापडतं. चाल कन्नड, शब्द मराठी.

शब्द देवनागरीत लिहून घेतले तर नाही का चालणार?

पहिल्या दिवशी चालतात, दहाव्या दिवशी नडतात. देवनागरी ही मराठी तोंडाची लिपी. तिच्यात काहीही लिहिलं की मराठीच वाचलं जातं. शिंगाचा प्रसंग त्यातूनच घडला.

रोमन लिपीत तर दुहेरी घोटाळा. इंग्रजी शाळेतली मुलं इटालियनचा "टी" बघून "ट" म्हणतात. इटालियन त-द हे अगदी आपल्या त-द सारखे दातांवरचे आहेत! जन्मानं मिळालेली गोष्ट इंग्रजीच्या पायी फेकून देतात. प-क-तचंही तसंच. इंग्रजी बोलणाऱ्यांना ते श्वास न सोडता म्हणायला वर्षं लागतात. आपण प आणि फ बालवाडीतच वेगळे केलेले असतात.

मी असं करायला सांगते: मूळ लिपीतला मजकूर मोठ्या अक्षरांत, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. खाली पेन्सिलनं फक्त अडणाऱ्या जागी खूण. सगळ्या शब्दांखाली देवनागरी लिहिलीत की डोळा मूळ ओळीकडं जातच नाही. ज्यांना पुढं जायचंय त्यांनी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी शिकावी. पॅरिसमध्ये १८८६ साली स्थापन झालेल्या ध्वनिशास्त्रज्ञांच्या संघटनेनं ती बनवली. प्रत्येक ध्वनीला एकच खूण. जगभरच्या संगीत महाविद्यालयांत गाणाऱ्यांना ती शिकवतात.

इटालियन वाचायचे नियम खूप आहेत का?

एका पोस्टकार्डावर मावतात. ही भाषा लिहिली तशीच वाचतात, अपवाद थोडे. "सी" या अक्षरापुढं इ किंवा ए आला तर चहाचा च, नाहीतर क. मध्ये "एच" घातला की पुन्हा क. "जी-एन" म्हणजे ञ. "झेड" म्हणजे कधी चमच्याचा च, कधी जहाजातला ज. म्हणजे ज्या च-जमुळं हिंदीत आपण पकडले जातो, ते इथं कामाला येतात. जर्मन "झेड"सुद्धा चमच्याचाच च. कन्नड किंवा हिंदी घरातल्या मुलाला तो शिकवावा लागतो, तुम्हाला नाही.

लक्ष द्यायचं ते आघाताकडं. मराठीत आघात असा ठळक नसतो, म्हणून आपण सगळी अक्षरं सारखी टाकतो. "आंकोरा" शब्दात को वर जोर दिला तर "अजून", सुरुवातीच्या आं वर दिला तर "नांगर", बोटीचा. शिवाय ए आणि ओ उघडे-मिटलेले असतात: उघड्या ए चा "पेस्का" म्हणजे पीच हे फळ, मिटलेल्याचा म्हणजे मासेमारी. हा उघडा ए आपला "ए" आणि "बॅट"मधला "ॅ" यांच्या मधोमध कुठंतरी आहे.

जोडाक्षराचा रियाज कसा करायचा?

चार मात्रा हातावर धरा. "नोते": नो दोन मात्रा, ते दोन मात्रा, आवाज अखंड. आता "नोत्ते": नो एकच मात्रा. दुसऱ्या मात्रेला जीभ वरच्या दातांमागं त च्या जागी जाऊन बसते आणि आवाज बंद. पूर्ण बंद. पुढच्या दोन मात्रांत ते.

ही दुसरी मात्रा आमच्या हिंदुस्थानी मुलांना भयंकर वाटते. आपल्याकडं आस तुटू द्यायची नाही असं शिकवलेलं असतं, त्यामुळं त्या जागी कुणी अनुनासिक "न्न्" घालतो, कुणी मागचा ओ ओढतो. मी त्यांना दमदार तिहाईची (तोच बोल तीनदा, मध्ये थांबा घेऊन) आठवण देते. तिहाईतला दम तुम्ही भरून काढता का? नाही ना, तिथं तबलजी थांबतो आणि लय चालूच असते. तसंच. एका मुलीनं हे तबल्याच्या क्लासला जाणाऱ्या भावाकडून बसवून घेतलं. दोघं आठवडाभर जेवतानासुद्धा ताटावर मात्रा मोजत होती, असं आई सांगत आली. आठ दिवसांत जमलं.

जर्मन आणि फ्रेंच?

इटालियनची दोन-तीन गाणी झाल्यावर जर्मन. एकट्या शूबर्टनं ३१ वर्षांच्या आयुष्यात ६००हून अधिक गाणी रचली, त्यामुळं आवाजाला सोसतील अशी निवडायला भरपूर मिळतात. तिथं शब्दाच्या शेवटी ब-द-गचे प-त-क होतात. दिवसाला जर्मनमध्ये लिहितात "ताग" आणि म्हणतात जवळजवळ आपलं ताक. ख सारखा जो घशातला आवाज आहे तो उर्दूचा ख़ घोटला असेल तर निम्मा आलाच. त्याचा पातळ जुळा भाऊ, ई नंतर येणारा, वेगळा शिकावा लागतो. ओठ ऊ चे करून आत ई म्हणायची, तो एक स्वर फ्रेंचमध्येही आहे. आरशाशिवाय तो जमत नाही.

फ्रेंच शेवटी ठेवा. लिहितात एक, म्हणतात अर्धं, आणि गाताना पुन्हा बोलताना गाळलेला शेवटचा ए परत आणतात. शुद्ध अनुनासिक स्वर ही मराठी माणसाची अडचण: "अंत" लिहून आपण "अन्त" म्हणतो, मध्ये न येतोच. ज्यांच्या घरी कोकणी आहे त्यांना "हांव" म्हणता येतं, त्यांना फ्रेंच नाक आधीच आहे. र घशातून काढायची हौस करू नका. फ्रेंच कलागीतांच्या जुन्या रीतीत र जिभेच्या टोकाचाच, आपल्यासारखा.

चर्चच्या क्वायरमध्ये लॅटिन गातो. कुणी "एक्शेल्सिस" म्हणतं, कुणी "एक्स्त्सेल्सिस". बरोबर काय?

दोन्ही. पहिला रोमचा, म्हणजे इटालियन वळणाचा उच्चार. दुसरा जर्मन रीतीचा. जर्मन संगीतकाराची रचना असेल तर काही जण दुसरा घेतात. क्वायर मास्तर सांगतील तो घ्या, पण सगळ्यांनी एकच घ्या. इटालियन रीतीत "मिहि"ला "मिकि" म्हणतात, ते ऐकून दचकू नका.

गोवा जवळ आहे. पोर्तुगीज शिकण्यात अर्थ आहे का?

आहे की. चोर्ला घाट उतरलं की १९६१पर्यंत पोर्तुगीज राज्य होतं, आणि तिथं फादो, म्हणजे पोर्तुगालची पारंपरिक गाणी, गाणारे आजही आहेत. २०११मध्ये युनेस्कोनं फादोला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पण पोर्तुगालच्या उच्चारात आघात नसलेले स्वर जवळजवळ गिळतात आणि शेवटच्या स चा श होतो. ब्राझीलचं ऐकून गायलात तर फादोला ते शोभत नाही. माझं मत विचाराल तर आधी कोकणी मांडो हा गोव्याचा गीतप्रकार शिका. भाषा निम्मी समजते, नाकातले स्वर बसतात, आणि दोन आवाजांत गायची सवय लागते.

यूट्यूबवर ऐकून शिकलो तर?

चाल शिका, उच्चार नको. कारण साधं आहे. तार सप्तकात कुठल्याही भाषेतला ई किंवा ऊ हा ई-ऊ राहत नाही. या स्वरांचा तोंडातला पहिला अनुनाद साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास असतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा तार षड्ज ४१५ हर्ट्झवर आहे, म्हणजे त्याच्या पुष्कळ वर. तिथं गायिका तोंड उघडतेच, नाहीतर आवाज चिरका होतो. तुम्ही ते ऐकून मूळ शब्दात "आ" आहे असं समजता आणि खालच्या सप्तकातही तसंच गाता. मग गाणं एका भाषेचं आणि शब्द कुठलेच नाहीत. उच्चार बोलणाऱ्याच्या तोंडून, संथ गतीनं वाचलेला घ्या. मग वर जाताना काय बदलायचं ते गुरू सांगेल.

अर्थासाठी मोबाईलवरचं भाषांतर वापरू का?

वापरा, आणि विश्वास ठेवू नका. जुन्या इटालियन गाण्यांत "लुमी" येतं. यंत्र सांगेल "दिवे". कवीला म्हणायचंय प्रेयसीचे डोळे. शब्दांची टोकंही छाटलेली असतात, "कुओरे"चं "कोर" होतं. "माझिया मना" मधला "माझिया" आजच्या व्याकरणाच्या पुस्तकात शोधणाऱ्या परदेशी माणसाची जी गत, तीच आपली. म्हणून शब्दाला शब्द लावून एक ओळ आणि खाली आपल्या भाषेत एक ओळ, असं हातानं लिहा. ही वही मी तपासते.

बेळगावात शिकवणारं कुणी मिळेल का?

कन्नड आणि उर्दूसाठी शेजार पुरे. कोकणीसाठी चर्चमधले लोक. जर्मनचे वर्ग पुण्यात आणि बंगळुरात मॅक्सम्युलर भवनात चालतात, फ्रेंचचे आलियाँस फ्रान्सेजमध्ये. दोन्हींकडं ऑनलाईन चौकशी करून बघा. पाश्चात्य गायनाचं शिक्षण पणजीच्या कला अकादमीत मिळतं. भाषेच्या पायऱ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा असतात. गाणाऱ्यानं पहिल्या दोन केल्या तरी स्वतःचा कागद स्वतः वाचता येतो. बी-१च्या मागं लागून रियाज बुडवू नका.

इतक्या भाषांनी मुलीचं मराठी बिघडणार नाही ना?

बिघडायचं असतं तर बेळगावात केव्हाच बिघडलं असतं. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द कन्नडातून आपल्याकडं आले आणि आपल्याच घरात म्हातारे झाले. फायदा मात्र दिसतो. दोन च वेगळे आहेत हे ज्या मुलांना जर्मनमुळं कळलं, ती मुलं अभंगातला च पण नीट घ्यायला लागली. आणि कन्नडच्या शेवटच्या उ मुळं मराठी अभंगात छंदासाठी पूर्ण म्हणावा लागणारा शेवटचा अ सुद्धा सापडला.

आमच्या बोलण्यात बेळगावी हेल आहे. तो गाण्यात येईल का?

नाही. हेल हा बोलण्याचा चढउतार, गाण्यात ते काम चालीनं घेतलेलं असतं. बोलताना तो ठेवा. निवेदन करताना पुण्याचं तोंड आणणारी मुलं मला बघवत नाहीत.

एका वर्षात किती गाणी होतील?

नव्या भाषेत पहिल्या वर्षी तीन. दुसऱ्या वर्षी सहा-सात होतात, कारण शब्द पुन्हा भेटायला लागतात.

क्लासला येताना काय आणायचं?

गाण्याचा मूळ लिपीतला कागद, मऊ पेन्सिल, खोडरबर, रेघा नसलेली वही आणि तळहाताएवढा आरसा. आरसा नसेल तर मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालतो, पण फोन सायलेंटवर ठेवा. आणि मुलांनो, चिरमुरे खाऊन येऊ नका, घशात अडकतात.